हूकवाले म्हात्रे

पेणमध्ये म्हात्रे इतके आहेत, की बाजारात हाक मारली तर निम्मी गर्दी मागं वळून बघते. म्हणून मिठागरवाले म्हात्रे, दूधवाले म्हात्रे असं काहीतरी पुढं लावावंच लागतं. हरिश्चंद्र म्हात्र्यांना मी मनातल्या मनात हूकवाले म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती झाली नाही कधी, कारण त्या माणसाचं कशावरून बिनसेल याचा नेम नसायचा.

आमची ओळख झाली ती दाराच्या कडीवरून. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कापडाच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवत होते. डोलवीच्या कंपनीत कुठंतरी चिकटता येईल या आशेनं पोरं-पोरी यायची. एक दिवस दारात साठीच्या घरातला, काळा, काटक माणूस उभा राहिला. आत यायच्या आधी त्यानं दाराची कडी ओढली, मग परत एकदा ओढली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ही कडी लागते, पण धरत नाय. लागणं येगळा, धरणं येगळा."

"काका, कॉम्प्युटर शिकायचाय की सुतारकाम करायचंय?"

"काका नको बोलू. नेव्हीत सगळी म्हात्रे बोलायची."

"बरं, म्हात्रेसाहेब."

"साहेब तर अजाबात नको!" आवाज एवढा चढला, की टायपिंग करणाऱ्या पोरी थांबल्या. मी काकाच म्हणत राहिले आणि ते चिडत राहिले. आमचं जमलं ते असं.

कडी, कोयंडा, चाप, खिट्टी, जे जे म्हणून कशात तरी अडकतं ते सगळं हा माणूस दोनदा ओढून बघायचा. डब्याची खिट्टी, रिक्षाचा पडदा, माझ्या पर्सचं बटण, इतकंच काय, बायकोच्या, म्हणजे यमुनाकाकूंच्या, मंगळसूत्राचा फासासुद्धा. "एकदा वोढतो तो शिकाऊ, दोनदा वोढतो तो मेकॅनिक," असं त्यांचं म्हणणं. दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे "बोलू नको, दाखव." मी एखादी गोष्ट समजावून सांगायला लागले की हात वर करून मला गप्प करायचे. शब्दांवर त्यांचा विश्वासच नव्हता.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनीही दाखवलंच. खिशातून कुठल्याशा मासिकाचं पान काढून माझ्यापुढं धरलं. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ होता तो, सिम्युलेटर. मला ठाऊक होता, आमच्या मशीनवर चोरून टाकलेलाही होता.

"याच्यात आपला विमान नाय," म्हात्रे म्हणाले.

"आपलं म्हणजे कुठलं?"

"सी हॉक."

मग मला सी हॉक समजलं. जहाजावरून उडणारं एकट्या पायलटचं छोटं जेट, एकाहत्तरच्या लढाईत लढलेलं. जहाजाची पाठ ती केवढी? उतरताना विमान तेवढ्यात थांबणार कसं? म्हणून डेकवर आडवे जाड दोर ताणलेले असतात आणि विमानाच्या शेपटाखाली एक हूक असतो. हूक दोराला अडकतो, विमान थांबतं. म्हात्रे जहाजावर मेकॅनिक होते आणि उतरणाऱ्या विमानांचे हूक तपासणं हे त्यांचं काम. "आख्खा विमान पायलटचा," ते म्हणायचे, "हूक माझा."

या खेळात लोक स्वतः केलेलं विमान घालू शकतात, असं त्यांना कळलं होतं. तेवढ्यासाठी हा माणूस, ज्याला माऊस डाव्या हातात धरावा की उजव्या हे ठाऊक नव्हतं, माझ्याकडं शिकायला आला. मला वाटलं, रिटायर माणसाचा छंद आहे, पंधरा दिवसांत उतरेल. छंद कसला! खरं काय ते मला काकूंनी सांगितलं.

यमुनाकाकू हमरापूरच्या. माहेरी गणपतीचा कारखाना, लहानपणापासून हात रंगात. एकदा म्हात्रे खाली चहाला गेले असताना त्या डबा घेऊन आल्या आणि जिन्याकडं एक डोळा ठेवून बोलल्या.

लढाईनंतर काही वर्षांनी सरावाच्या वेळी एक सी हॉक उतरताना थांबलं नाही. डेकवरून सरळ पुढं जाऊन समुद्रात पडलं. पायलट कोवळा पोरगा होता, विमानासकट गेला. आता दोनच गोष्टी झालेल्या असू शकत होत्या. हूक डेकवर आपटून उसळला आणि दोरांवरून उडी मारून गेला, तर दोष हूक तपासणाऱ्याचा. किंवा विमानच वेगात येऊन दोरांच्या पलीकडं टेकलं, तर दोष त्या पोराचा, आणि त्याला लाल दिवा दाखवून परत न फिरवणाऱ्या डेकवरच्या अधिकाऱ्याचा. हे अधिकारी म्हणजे सबनीससाहेब, स्वतःही पायलट. सबनीससाहेब म्हणाले, "विमानाचं येणं बरोबर होतं, हूक उसळला." झालं. म्हात्र्यांच्या बाहीवरची हुद्द्याची पट्टी गेली, डेकवरून उचलून किनाऱ्यावरच्या गोदामात टाकलं, आणि थोड्याच दिवसांत ते सगळं सोडून गावी आले.

"तवापासना कड्या वोढतात," काकू म्हणाल्या. "घरात दरवाजा लावला ना, तरी मना झोपंत आवाज येतो. एकदा, मंग परत एकदा."

आणि गंमत बघा. गंमत कसली, थट्टाच ती. सबनीससाहेब रिटायर होऊन रोह्याला आले होते. कुंडलिकेच्या काठी बंगला बांधला आणि धाटावच्या एका कारखान्यात सुरक्षेचे सल्लागार म्हणून जायला लागले. सुरक्षेचे! पेणहून रोहा ते काय लांब? म्हात्र्यांनी त्यांना रोह्याच्या बाजारात एकदा पाहिलंही होतं.

"मग विचारलं नाही?" मी काकूंना विचारलं.

"इचारतात कसले! सलाम ठोकून आले."

म्हात्र्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की विमान तयार करायचं, साहेबांच्या पुढ्यात ठेवायचं, त्यांच्या हातांनी उतरवायचं आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं: हूक ठीक होता. कागद नको, पट्टी परत नको, एवढं एक वाक्य हवं होतं. एका वाक्यासाठी माणूस दीडदोन वर्षं माझ्या खुर्चीत बसला आणि मी मूर्ख, त्यांना आधी "छान छंद आहे हो" म्हणत होते.

आता कॉम्प्युटरमध्ये विमान करायचं तर त्याची मापं लागतात, कुठं किती जाड, कुठं किती निमुळतं. त्यांच्याकडं होते दोन अंधुक फोटो. पण सासुरवाडी हमरापूरची! त्यांनी मेव्हण्याकडून शाडूचा गोळा आणला आणि माजघरात बसून हाताएवढं सी हॉक घडवलं. अगदी हुबेहूब. मेव्हणाही म्हणाला, दाजी, नेव्हीत फुकट गेलात. दुसऱ्या दिवशी म्हात्र्यांनी तार घेऊन त्या विमानाच्या चकत्या पाडायला घेतल्या. एकेका चकतीची कड कागदावर काढायची आणि आकडे कॉम्प्युटरात भरायचे, अशी युक्ती. युक्ती झकास होती, पण काकूंनी घर डोक्यावर घेतलं.

"शाडूला तार लावतात? गणपतीची माती ती! हात कसा धजला तुमचा?"

"गणपती कुठं हाय? विमान हाय."

"माती तीच ना!"

चार दिवस अबोला. त्यात वर दैवाची खोड अशी, की शेपटाच्या चकत्या कापल्या ओल्या असताना आणि पंखांच्या कापल्या अर्ध्यामुर्ध्या सुकल्यावर. सुकताना माती आटते. स्क्रीनवर विमान आलं ते पंख खुरटलेलं, उडवलं की गटांगळ्या खायचं. म्हात्रे आठवडाभर खेळाला शिव्या देत होते. शेवटी काकूंनीच अबोला सोडला, म्हणाल्या, "हमरापूरचा जावई, आनि माती आटते ठाव नाय!" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की म्हात्रे उठून गेले. त्या दिवशी मी त्या दोघांना नवरा-बायकोसारखं पाहिलं, तसं पुन्हा फार पाहायला मिळालं नाही.

रंगही काकूंनीच लावून दिला. विमानाचा वरचा रंग राखाडी, पण म्हात्र्यांच्या आठवणीतला राखाडी. काकू करवंटीत रंग कालवून पुठ्ठ्यावर पट्टे ओढायच्या, म्हात्रे तो पुठ्ठा स्क्रीनला लावून बघायचे. "नाय. अजून ढग घाल." परत पट्टा. "आता जास्ती झाला. पाणी घाल, पावसातला धरमतरच्या खाडीचा पाणी." कितीतरी पुठ्ठे झाले. मी वैतागून म्हटलं, "काका, हा आणि तो एकच आहे." माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांचं विमान समुद्रात ढकललंय.

आणि मग हूक. विमान घडवायचा प्रोग्रॅम असा होता, की विमान चपट्या तुकड्यांनी जोडायचं, गोधडी शिवतात तसं. तुकड्यांना मर्यादा होती. ओलांडली की विमान उघडायचंच नाही. कुठलाही शहाणा माणूस तुकडे पंखांना देईल, नाकाला देईल. म्हात्र्यांनी हूकला दिले. हूकचा दांडा गोल, टोकाचं वळण गोल, आतली खाच, हूक उसळू नये म्हणून दांडा दाबून धरणारा पट्टा, सगळं. उरलेलं विमान मग ठोकळ्यासारखं. कॉकपिटात पायलट होता, पण खांद्यापर्यंत. वर काही नाही.

"काका, पायलटला डोकं नाही."

"तुकडे संपले."

"अहो पण डोकं!"

"डोक्याची चौकशी नाय झाली. हूकची झाली."

हे वाक्य ते कसल्याही भावनेशिवाय बोलले, नुसती हकीकत सांगावी तसं. मला तेव्हा ते टाळीचं वाक्य वाटलं होतं. पोरींना सांगून मी हसवलंही.

विमान तयार झालं आणि खेळातल्या जहाजावर उतरवून बघायची वेळ आली, तेव्हा कपाळावर हात मारायची पाळी आली. खेळात जहाज होतं, पण ते नुसतं उभं. दोर नव्हतेच. खेळ करणाऱ्यांनी दोर घातलेच नव्हते. विमान डेकवर टेकवायचं आणि ब्रेकची कळ दाबायची, थांबतं. हूकसाठी मी एक कळ जोडून दिली होती, ती दाबली की हूक डौलात खाली यायचा, पण धरायला समोर काहीच नाही. इंटरनेटवर परदेशातल्या शौकिनांना विचारलं. उत्तर आलं: हूक दिसण्यापुरता असतो, एवढं मनावर घेऊ नका.

मला वाटलं, आता हे मशीन फोडणार. तसं काही झालं नाही. त्यांनी स्क्रीनवरच्या डेकवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चालंल. कुठं टेकला ता तं दिसंल ना? दोरांच्या जागी मी रंगाचे पट्टे मारतो. टेकला पट्ट्यांच्या पलीकडं, का अलीकडं. बास."

पट्टे मारले. फोन मात्र मला करायला लावला. मी सबनीससाहेबांना म्हटलं, तुमच्या काळातलं विमान कॉम्प्युटरवर केलंय, बघाल का? साहेब खूश. "अरे वा! या की रविवारी!" कुणी केलंय ते मी सांगितलं, तर एक क्षणही अडखळले नाहीत. "म्हात्रे? आपला म्हात्रे? घेऊन या त्याला!"

ओळखीच्या टेम्पोत कॉम्प्युटर गोणपाटावर ठेवून आम्ही रोह्याला गेलो. निघताना म्हात्र्यांनी टेम्पोच्या मागच्या फाळक्याची कडी दोनदा ओढली. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत.

साहेब गोरेपान, हसतमुख, वयाच्या मानानं ताठ. मी त्यांच्यावर चिडायचं ठरवून गेले होते आणि त्यांनी पहिल्याच मिनिटाला मला "बेटा" म्हणून पंख्याखाली बसवलं. अशा माणसांचा फार राग येतो मला. चिडूसुद्धा देत नाहीत. डायनिंग टेबलवर मशीन लावलं. म्हात्रे टेबलाच्या बाजूला उभे. साहेब दोनदा बस म्हणाले, ते बसले नाहीत.

"सर, त्या दिवशीसारखा आणा," म्हात्रे म्हणाले.

"कुठल्या दिवशी?" आणि मग, "अच्छा, अच्छा. ते."

साहेबांनी जॉयस्टिक हातात घेतली. पहिल्यांदा विमान वेगात आलं, पट्ट्यांच्या पुढं टेकलं आणि डेकवरून पाण्यात गेलं. म्हात्रे पुढं झुकले. त्यांचं बोट काचेजवळ गेलं, ओठ हलले. दीडदोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली ती जागा ते दाखवणार, तेवढ्यात साहेब मोठ्यानं हसले. "गेलो की रे पाण्यात! थांब थांब, हात बसू दे." आणि लगेच दुसऱ्यांदा आणलं. छान आणलं, मानलं पाहिजे. डेकवर टेकवलं, ब्रेक दाबला आणि विमान मधोमध थांबलं.

"बघ!" साहेब माझ्याकडं वळून म्हणाले. "अजून जमतंय म्हाताऱ्याला!"

"सर," म्हात्रे म्हणाले, "हूक टाकला नाय तुमी."

खरंच, हूक वरच होता. ती कळ त्यांनी दाबलीच नव्हती.

"अरे, न टाकताच थांबलं की!"

ते वाईट मनानं बोलले नाहीत. तेच तर वाईट होतं. साहेबांच्या बाईंनी चहा आणला, बशीत बिस्किटं होती. म्हात्रे कप न घेता उभे होते आणि मग त्यांनी ते केलं जे इतक्या वर्षांत केलं नव्हतं. तोंडानं विचारलं.

"सर, त्या दिवशी हूक ठीक होता का?"

साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. "हूक? हो रे. ठीकच होता. पोरगा वेगात आला, मी लाल दिवा द्यायला हवा होता, उशीर झाला. होतं असं. तेव्हा माझं प्रमोशन तोंडावर, लग्न ठरलेलं. कुणावर तरी यायचंच होतं ते." मग प्रेमानं म्हणाले, "तू एवढी वर्षं हे घेऊन बसलायस? वेडा आहेस का म्हात्रे? विचारायचंस ना आधीच. मी सांगितलं असतं."

मला वाटलं आता हा माणूस टेबल उलथणार, आणि उलथावं असंच मला वाटत होतं, मी मदतही केली असती. म्हात्रे म्हणाले, "येस सर." टाचा जुळल्या. एवढंच.

परत येताना टेम्पोचा फाळका नागोठण्यापर्यंत खडखडत राहिला. कडी नीट बसली नव्हती. मी मागं वळून बघितलं, ड्रायव्हर ओरडला, म्हात्रे काचेतून बाहेर बघत होते. नागोठण्याला मीच उतरून ती लावली. पेण जवळ आल्यावर ते एकदाच बोलले. "दाखवत बसलो गो. इचारलाच नाय."

त्यानंतर ते क्लासला येईनात. मला वाटलं, संपलं. वाक्य मिळालं, जसं मिळालं तसं, आता घरी शांत बसले असतील. मी साहेबांवर मनात दात-ओठ खात राहिले आणि बाकी क्लास आपला चालू होता.

गणपती जवळ आले होते, हमरापूरची सगळी घरं रंगात बुडालेली. अशा ऐन घाईत एका दुपारी म्हात्रे आले, आणि मागून यमुनाकाकू, हाताला रंग तसाच. म्हात्रे नेहमीच्या मशीनवर बसले. विमान उघडलं. मी बघते तर शेपटाखाली काही नाही, साफ. हूक काढून टाकलेला. ज्या हूकसाठी पंख ठोकळे झाले, तो हूकच नाही.

"काका! हे काय केलंत?"

"तुकडे मोकळे झाले," म्हणाले, आणि विमान फिरवून कॉकपिट समोर आणलं.

पायलटला डोकं होतं. हेल्मेट, हनुवटी, नाक, सगळं गोल, नीट, हूकला दिले होते तेवढे तुकडे या डोक्याला. चेहरा मात्र कोरा. डोळे काढायचे होते. हमरापुरात गणपतीचे डोळे शेवटी काढतात आणि घरात एकाच माणसाच्या हाताला ते काम असतं. म्हणून काकूंना आणलं होतं. त्यांनी पदराला हात पुसले, माऊस धरला, कसा धरायचा ते मी दाखवलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना जागा मोजली आणि त्या थांबल्या.

"कसे होते त्याचे?" त्यांनी विचारलं. "बारीक, का टपोरे?"

म्हात्रे स्क्रीनवर वाकले.

"आवो, सांगा ना. तुमी रोज बघत होता त्याला. शिडीवर चढताना."

पंखा फिरत होता. त्या माणसाला दांड्यावरचा एकेक स्क्रू आठवत होता, रंगात किती पाणी होतं ते आठवत होतं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली, कारण ते रडत होते आणि पुसतही नव्हते.

"हूकच बघत होतो," ते म्हणाले. "त्याचा तोंड नाय आठवत."

काकूंनी मग डोळ्यांच्या जागी हेल्मेटची काळी काच ओढली, या कानापासून त्या कानापर्यंत, एका हातानं, कुठंही न थांबता.

म्हात्रे उठले. जिन्यापाशी दाराची कडी हाताला लागली, पण ओढली नाही, तसेच खाली उतरले. काकू मागं राहिल्या, मला म्हणाल्या, "ठेव गो ता विमान, पुसू नको," आणि रंगाच्या हातानंच दार लोटून घेतलं. कडीवर पांढरं बोट उमटलं होतं.